फ्लाइटगिअरचा स्वतःचा मल्टिप्लेअर सर्व्हर: यंत्र किती लागते आणि खरी अडचण कुठे येते

प्रश्न असा आहे: दहा-बारा जणांचा गट फ्लाइटगिअर या मोफत विमान-सिम्युलेटरवर एकत्र उडतो. बहुतेक जण पुणे, मुंबई आणि कोल्हापूरचे, एक अमेरिकेत. सार्वजनिक सर्व्हरवर अनोळखी विमाने मध्ये येतात, म्हणून गटाला स्वतःचा सर्व्हर हवा आहे. घरातला जुना संगणक त्यासाठी पुरेल का, सोळा जीबी रॅम घ्यावी का, आणि राउटरवर काय करावे?

रॅमचा विचार आधी सोडून द्या. फ्लाइटगिअरचा सर्व्हर, ज्याचे नाव एफजीएमएस, हा टपालवाला आहे. तो विमान उडवत नाही, हवामान ठरवत नाही, जमीन लोड करत नाही, टक्कर मोजत नाही. प्रत्येकाचे विमान ज्याच्या त्याच्या संगणकावर उडते. एकाकडून आलेले पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे पुडके, जवळपासच्या इतरांना वाटणे, एवढेच सर्व्हरचे काम. त्यामुळे एक कोर आणि अर्धा-एक जीबी रॅम असलेले स्वस्तातले लिनक्स यंत्रही बारा जणांना आरामात पुरते. डीसीएससारख्या लढाऊ विमानांच्या खेळाचा सर्व्हर स्वतः पूर्ण सिम्युलेशन चालवतो, म्हणून त्याला तगडे यंत्र लागते. त्याबद्दलचे सल्ले इथे लावू नका. इथे लागतात दोनच गोष्टी: बाहेरून पोहोचता येईल असा पत्ता आणि पुरेशी अपलोड बँडविड्थ.

बँडविड्थचा हिशोब कागदावर करून पाहा. फ्लाइटगिअरमध्ये मल्टिप्लेअरसाठी साधारणपणे सेकंदाला १० पॅकेट पाठवण्याचा दर ठेवतात. पॅकेटचा आकार जास्तीत जास्त १२०० बाइट असतो. सुरुवातीला ३२ बाइटांचे शीर्षक (हेडर), मग विमानाच्या मॉडेलचा मार्ग, जागा, दिशा, वेग, त्वरण, आणि त्यामागे फ्लॅप, चाके, दिवे वगैरेंची मूल्ये. बारकाईने बनवलेले विमान जास्त मूल्ये पाठवते. सरासरी १००० बाइट धरले, तर एक वैमानिक सर्व्हरला सेकंदाला १० किलोबाइट देतो, म्हणजे काहीच नाही. पण सर्व्हरला तेच पॅकेट उरलेल्या प्रत्येकाला पाठवावे लागते. बारा जण एकमेकांच्या टप्प्यात असतील तर १२ गुणिले ११, म्हणजे १३२ प्रवाह. सेकंदाला सुमारे १.३ मेगाबाइट, म्हणजेच १०.५ मेगाबिट अपलोड. सहा जण असतील तर तोच आकडा २.४ मेगाबिट, आणि वीस जण आले तर ३० मेगाबिटच्या वर. माणसे दुप्पट झाली की भार चौपट होतो, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दोन तासांच्या एका सत्रात बारा जणांचे साडेनऊ जीबी बाहेर जातात. भाड्याच्या सर्व्हरवर बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे लागत असतील, तर करार करताना हा आकडा समोर ठेवा.

हा सर्वांत वाईट स्थितीचा हिशोब आहे. प्रत्यक्षात टप्प्याबाहेरच्या विमानांची पॅकेट सर्व्हर पुढे पाठवत नाही. ही मर्यादा मुळात १०० सागरी मैल असते. मुंबई ते पुणे सरळ रेषेत सुमारे ६७ सागरी मैल आहे, म्हणून सांताक्रूझच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्याला लोहगावचे विमान यादीत दिसेल. मुंबई ते कोल्हापूर सुमारे १६७ आणि मुंबई ते दाभोळी सुमारे २३०, तिथले दिसणार नाही. 'सर्व्हर चालू आहे पण मित्र दिसत नाही' या तक्रारीचे कारण पुष्कळदा एवढेच असते. पहिली चाचणी करताना सगळ्यांनी एकाच विमानतळावर उभे राहावे.

आता पत्ता. घरून सर्व्हर चालवायचा बेत इथेच बहुतेक वेळा फसतो. भारतातल्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना आज स्वतंत्र सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता मिळत नाही. अनेक ग्राहकांमागे एकच पत्ता वाटलेला असतो. याला सीजीनॅट म्हणतात. अशा जोडणीवर राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड केले (बाहेरची पॅकेट घरातल्या यंत्राकडे वळवली) तरी बाहेरचे पॅकेट घरापर्यंत येत नाही, कारण ते कंपनीच्या यंत्रापाशीच अडते. तपासणी सोपी आहे. राउटरच्या पानावर वॅन पत्ता, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, पाहा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, किंवा 'माझा आयपी' दाखवणाऱ्या संकेतस्थळावर वेगळाच पत्ता दिसत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. मग तीन वाटा उरतात: कंपनीकडून पैसे भरून स्थिर आयपी घेणे, गटातल्या सगळ्यांनी वायरगार्डसारख्या खासगी जाळ्यात येणे, किंवा मुंबईतल्या डेटा सेंटरमधला छोटा व्हीपीएस, म्हणजे आभासी सर्व्हर, भाड्याने घेणे. माझे मत सरळ आहे: बारा जणांसाठी व्हीपीएस घ्या. वीज गेली, राउटर गोठला, घरात कुणी चित्रपट लावला, यातल्या कशानेही सगळ्यांचे उड्डाण बंद पडणार नाही. घरचा स्थिर आयपी तेव्हाच घ्या, जेव्हा तो दुसऱ्या कामासाठीही लागणार असेल.

उभारणी उबुंटू किंवा डेबियनवर करा. एफजीएमएस सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला मुक्त सोर्स प्रकल्प आहे. गिट, सीमेक आणि बिल्ड-इसेन्शियल टाकून तो काही मिनिटांत कंपाइल होतो. जुन्या आवृत्त्यांना सिमगिअर लायब्ररी लागायची, म्हणून इंटरनेटवरच्या जुन्या सूचना वाचून ती टाकत बसू नका. आधी आवृत्तीसोबतची माहितीची फाइल वाचा. सर्व्हरसाठी वेगळा साधा वापरकर्ता बनवा. रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून तो चालवू नका. ५००० हे पोर्ट १०२४ च्या वरचे आहे, त्याला रूटचा अधिकार लागतच नाही.

सगळी सेटिंग एफजीएमएस.कॉन्फ या एकाच फाइलमध्ये असतात. नावे इथे उच्चाराप्रमाणे लिहीत आहे. फाइलमध्ये ती रोमन लहान अक्षरांत येतील. सर्व्हर.नेम हे तुमचे नाव. सर्व्हर.पोर्ट ५०००, सर्व्हर.टेलनेट_पोर्ट ५००१. सर्व्हर.आउट_ऑफ_रीच म्हणजे वर सांगितलेली १०० मैलांची मर्यादा. सर्व्हर.ट्रॅक्ड फॉल्स ठेवा, खासगी गटाला उड्डाणांची नोंद बाहेर पाठवायची गरज नाही. सर्व्हर.अॅड्रेस रिकामे सोडा. इथे हमखास चूक होते: लोक व्हीपीएसचा सार्वजनिक पत्ता तिथे घालतात. अनेक क्लाउडमध्ये यंत्राला आतून खासगी पत्ताच असतो आणि सार्वजनिक पत्ता बाहेरच्या थरावर लावलेला असतो. मग सर्व्हर नसलेल्या पत्त्यावर बसायला जातो आणि सुरूच होत नाही.

सर्व्हर.प्लेअरएक्स्पायर्स या सेटिंगवर थोडे थांबू. गप्प झालेला वैमानिक किती सेकंदांनी यादीतून काढायचा, हे ते ठरवते. मूळ मूल्य १०. ते वाढवून ६० केले की जोडणी तुटलेली विमाने मिनिटभर यादीत पडून राहतात. त्याहून वाईट म्हणजे परत येणारा माणूस बाहेरच अडकतो. एफजीएमएस वैमानिकाला कॉलसाइनवरून, म्हणजे त्याच्या रेडिओवरच्या नावावरून, ओळखतो. तेच कॉलसाइन दुसऱ्या आयपी पत्त्यावरून आले, तर सर्व्हर ती पॅकेट चूपचाप टाकून देतो. चूक झाल्याचा संदेश नाही, काही नाही. कुणाचा वायफाय तुटून फोनचे नेट लागले की पत्ता बदलतो, आणि जुनी नोंद मुदत संपून जाईपर्यंत तो इतरांना दिसत नाही. मूल्य फार खाली, २-३ वर आणणेही चूक. नवे दृश्य लोड होताना सिम्युलेटर काही सेकंद गोठतो, तेवढ्यात माणूस यादीतून जातो आणि पुन्हा येतो. १० ठेवा.

कॉलसाइनची आणखी एक मर्यादा: शीर्षकात त्यासाठी ८ बाइट आहेत आणि शेवटचा बाइट शून्याचा, म्हणून अक्षरे सातच बसतात. भारतीय नागरी विमानांची नोंदणी, म्हणजे व्हीटी आणि पुढची तीन अक्षरे, मधल्या आडव्या रेघेसह सहात बसते. मुंबईच्या टॉवरसाठी व्हीएबीबी, अधोरेषा आणि टीडब्ल्यू मिळून बरोबर सात होतात. त्याहून लांब काही लिहाल तर शेपूट कापले जाईल, आणि पहिली सात अक्षरे सारखी असलेले दोघे एकमेकांना अडवतील. गटाने कॉलसाइनची यादी आधीच ठरवून ठेवावी.

सर्व्हर सतत चालू ठेवायला लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा सिस्टमडी वापराल. एफजीएमएस मुळात स्वतःच पार्श्वभूमीत जातो. सिस्टमडीच्या साध्या प्रकारच्या सेवेला मूळ प्रक्रिया संपलेली दिसते, आणि ती सर्व्हर मेला असे समजून पुन्हा पुन्हा सुरू करते. सुरू करताना लहान डी हा पर्याय द्या, म्हणजे तो पुढेच राहतो. मोठा डी नेमका उलटा आहे. सी पर्यायाने कॉन्फ फाइलचा पूर्ण मार्ग द्या. लॉग फाइल वाढत राहते, तिला जुन्या नोंदी काढून टाकणारे लॉगरोटेट लावा.

फायरवॉलमध्ये ५००० उघडताना पॅकेट पाठवण्याच्या यूडीपी आणि टीसीपी या दोन पद्धतींपैकी यूडीपी निवडा. टीसीपी उघडून तासन्‌तास शोधत बसणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. क्लाउडवर दोन फायरवॉल असतात, एक कंपनीच्या नियंत्रण पानावरची आणि एक यंत्रातली. दोन्हीकडे नियम हवा. ५००१ हे मात्र टीसीपी आहे. त्यावर टेलनेट या साध्या प्रोग्रामने जोडणी केली की सर्व्हर सध्याच्या वैमानिकांची यादी देऊन जोडणी बंद करतो. प्रत्येक ओळीत कॉलसाइन, जागा, उंची आणि विमानाचे मॉडेल असते. नकाशे हीच यादी वाचतात. नकाशा लावायचा नसेल तर ५००१ जगाला उघडू नका, सर्व्हरवर आतूनच पाहा.

एफजीएमएसला पासवर्ड नसतो. पत्ता आणि पोर्ट माहीत असलेला कुणीही येऊ शकतो. आयपी पत्त्यांची काळी यादी कॉन्फ फाइलमध्ये देता येते, पण पत्ते बदलतात, म्हणून तिचा उपयोग मर्यादित आहे. आणखी एक धोका खासगी गट दुर्लक्षित करतात. यूडीपीमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो आणि एफजीएमएस तो पडताळत नाही. कुणी तिऱ्हाइताच्या पत्त्याने अधूनमधून एखादे पॅकेट पाठवत राहिले, तर तुमचा सर्व्हर सगळ्या विमानांचा प्रवाह त्या बिचाऱ्यावर सोडत राहील. म्हणून गट ठरलेला असेल तर व्हीपीएसवरच वायरगार्ड बसवा, बाहेर फक्त त्याचे यूडीपी ५१८२० उघडा आणि एफजीएमएस त्याच्या आतून वापरा. वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १४२० बाइट आहे आणि फ्लाइटगिअरची पॅकेट १२०० च्या आत, त्यामुळे तुकडे पडत नाहीत. अनोळखी लोक आणि खोटे पत्ते हे दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. बारा जणांना एकेक कॉन्फिग फाइल द्यायला एक संध्याकाळ लागते, ती सार्थकी लागते.

खेळाडूच्या बाजूला काम कमी आहे. लाँचरमध्ये सेटिंग्जच्या पानावर मल्टिप्लेअर सर्व्हरच्या यादीत कस्टम सर्व्हर निवडून पत्ता आणि पोर्ट द्यायचे. कमांड लाइनवरून सुरू करणाऱ्यांनी मल्टिप्ले पर्याय दोनदा द्यावा: एकदा आउट, १०, सर्व्हरचा पत्ता, ५०००, आणि एकदा इन, १०, पत्त्याची जागा रिकामी, ५०००. त्यांच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करायची गरज नाही. पॅकेट ज्या पत्त्यावरून आणि पोर्टवरून आले तिथेच सर्व्हर परत पाठवतो, आणि राउटर ती वाट उघडी ठेवतो. फक्त विंडोजच्या फायरवॉलने पहिल्यांदा विचारले की परवानगी द्यावी. सर्व्हर आणि सिम्युलेटर एकाच यंत्रावर चालवणाऱ्याने इनचे पोर्ट ५००२ सारखे वेगळे घ्यावे, नाहीतर दोघे ५००० वर भांडतात. एकाच संगणकावर दोन फ्लाइटगिअर उघडून चाचणी करतानाही हेच.

काही दिसत नसेल तर अंदाज बांधत बसू नका. सर्व्हरवर येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारे टीसीपीडंप लावून यूडीपी ५००० पाहा. आत काहीच येत नसेल तर दोष पत्त्यात, फायरवॉलमध्ये किंवा सीजीनॅटमध्ये. आत येते पण बाहेर काही जात नाही, तर आधी पाहा की दुसरा कुणी जोडलेला आहे का. सर्व्हर तुमचे पॅकेट तुम्हाला परत देत नाही, त्यामुळे एकटा माणूस असताना शांतताच असते. दुसरा असेल तर अंतर किंवा दुहेरी कॉलसाइन तपासा. पॅकेट बाहेर जातात आणि तरी खेळाडूला दिसत नाही, तर दोष त्याच्या संगणकाच्या फायरवॉलचा. टेलनेटने ५००० तपासणे निरुपयोगी आहे, कारण टेलनेट टीसीपी बोलते.

विमान दिसते पण भलतेच दिसते, या तक्रारी सर्व्हरच्या नसतात. पॅकेटमध्ये मॉडेलचे फक्त नाव आणि मार्ग जातो, मॉडेल जात नाही. समोरच्याकडे ते विमान नसेल तर त्याला पर्यायी मॉडेल, बहुतेकदा साधा ग्लायडर दिसतो. सगळ्यांनी तीच विमाने, त्याच आवृत्तीत उतरवून घ्यावीत. विमान जमिनीत रुतलेले किंवा हवेत तरंगलेले दिसले तर दृश्य वेगवेगळे आहे. जागा पृथ्वीच्या केंद्रापासून मीटरमध्ये पाठवली जाते. एकाच्या दृश्यात लोहगावची धावपट्टी दोन मीटर खाली असली तर दुसऱ्याची चाके तेवढी बुडतात. सगळ्यांनी दृश्य आपोआप उतरवणारा टेरासिंक चालू ठेवला की हा फरक मिटतो.

हवामानही सर्व्हर वाटत नाही. एकाने प्रत्यक्ष मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) घेतला, दुसऱ्याने प्रमाण हवामान ठेवले आणि नियंत्रकाने दोघांना एकच क्यूएनएच (उंचीमापकावर लावायचा हवेचा दाब) दिला, तर पावसाळ्यात १००३ आणि १०१३ मधला दहा हेक्टोपास्कलांचा फरक उंचीमापकावर जवळपास पावणेतीनशे फूट होतो. एकाच उंचीवर म्हणून निघालेली दोन विमाने वर-खाली उडतात आणि दोघांनाही आपणच बरोबर वाटते. सत्राआधी एकच मेटार ओळ गटात पाठवा आणि ती सगळ्यांनी हवामानाच्या चौकटीत टाकावी. घड्याळही यूटीसीनेच ठरवा, नाहीतर कुणासाठी संध्याकाळ, कुणासाठी भर दुपार.

अमेरिकेतल्या मित्राचा प्रश्न वेगळा आहे. मुंबईतल्या सर्व्हरपासून तिकडचा फेरा २०० मिलिसेकंदांहून अधिक असतो. १२० नॉटने विमान सेकंदाला ६२ मीटर जाते, म्हणजे पाव सेकंदाच्या उशिरात १५ मीटर. २५० नॉटला ३२ मीटर. फ्लाइटगिअर वेग आणि त्वरण वापरून पुढची जागा अंदाजाने दाखवतो, त्यामुळे सरळ उड्डाणात हे जाणवत नाही. वळणात आणि जवळच्या फॉर्मेशनमध्ये जाणवते. दोन सर्व्हर जोडून हे सुटेल असे अनेकांना वाटते. एफजीएमएस रिलेने जोडता येतात: दोन्हीकडे एकमेकांचा स्थिर पत्ता रिले.होस्ट आणि पोर्ट म्हणून लिहावा लागतो, आणि दोनच सर्व्हर असतील तर कुणालाच हब, म्हणजे मधला वाटप करणारा सर्व्हर, करायचे नसते. पण समुद्राखालच्या तारेचे अंतर त्याने कमी होत नाही. तिकडे दोन-तीन जण एकमेकांसोबत उडणार असतील तरच तिथे दुसरा सर्व्हर घालण्यात अर्थ आहे. एकटा असेल तर त्याला फॉर्मेशनमध्ये मागे ठेवू नका, पुढे ठेवा. पुढच्याला कुणाच्या पंखावर नजर लावून उडायचे नसते.

फॉर्मेशनसाठी पाठवण्याचा दर १० वरून २० करता येतो, पण सर्व्हरचा भार दुप्पट होतो. आणि ज्याचा सिम्युलेटर सेकंदाला १२ चौकटीच (फ्रेम) काढतो, तो २० पॅकेट पाठवू शकत नाही, कारण पाठवण्याचे काम चौकटीच्या फेऱ्यातच होते. झटके देणारे विमान दिसले तर आधी त्या वैमानिकाला चौकटींचा दर विचारा, मग सर्व्हरकडे पाहा.

बोलण्यासाठी त्याच व्हीपीएसवर मम्बल या आवाजी संभाषणाच्या प्रोग्रामचा सर्व्हर बसवा आणि सगळ्यांनी सिम्युलेटरचा रेडिओ त्याला जोडणारे एफजीकॉम-मम्बल प्लगइन घ्यावे. मम्बलचे ६४७३८ पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हीसाठी उघडावे लागते, आणि खोलीचे नाव एफजीकॉम-मम्बल याच अक्षरांनी सुरू व्हायला हवे, नाहीतर प्लगइन जागे होत नाही. प्लगइन सिम्युलेटरकडून माहिती घ्यायला यूडीपी १६६६१ वापरते, पण ते प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकातच राहते, राउटरवर उघडू नका. फ्रिक्वेन्सी जुळली आणि रेडिओच्या टप्प्यात असले तरच आवाज येतो. लोहगावच्या रॅम्पवरून मुंबई टॉवर ऐकू आला नाही, तर मम्बल बिघडला असे समजू नका. मध्ये सह्याद्री आणि साठ-सत्तर मैल आहेत.